धुराचं कपाट आणि होणारा जावई

नाही, पण भोक उघडं का ठेवायचं, एवढंच विचारलं हो मी! त्यात बायकोनं कपाळावर हात मारून घेण्यासारखं काय होतं? आख्खं यंत्र चारही बाजूंनी बंद, दाराला रबर, वर कडी, आणि डोक्यावर हे एवढं थोरलं भोक, त्यातून धूर आपला निवांत बाहेर फिरायला चाललाय... मग दार लावलं कशाला? तुम्हीच सांगा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीसुद्धा म्हणाल, म्हातारा संशयी आहे. मी संशय घेत नाही हो, मी फक्त खात्री करून घेतो! एकतीस वर्षं वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होतो. दुकानदाराचा काटा उलटा करायचा आणि खाली चिकटवलेलं लोहचुंबक बाहेर काढायचं, हे माझं काम. जो हसून "या साहेब, बसा साहेब, चहा सांगू?" म्हणाला, त्याचा काटा आधी उलटा करायचा. कधी चुकलो नाही!

तर आमच्या मुलीनं लग्न ठरवलं. स्वतःचं स्वतः. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. मी म्हटलं, हरकत नाही, येऊ दे घरी, पण आधीच बजावून ठेवतो, एक खोटं, एकच खोटं पकडलं ना, तर माझा नकार! तर कन्यारत्न म्हणतंय, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर याच्याशी करणार नाही. पण मग कुणाशीच करणार नाही." आली का पंचाईत? म्हणजे काटा माझ्या हातात आणि पारड्यात पोरीचा जीव!

रविवारी सकाळी हा हजर, बगलेत विजेवरचा स्मोकर घेऊन. तुम्ही बघितलाय का हो कधी? लहानसं कपाटच. तळाशी विजेची कॉइल, तिच्यावर लाकडाच्या चिपट्यांचा ट्रे, मग पाण्याचं भांडं, वर जाळ्या. जाळीवर कोंबडी ठेवायची आणि चार तास धूर खात बसायचं... कोंबडीनं! "काका, आजचा स्वयंपाक माझ्याकडे," म्हणाला. हसून म्हणाला. झालं, मी सावध!

गॅलरीत मांडामांड झाली, मी खुर्ची टाकून समोर. यानं फॉइलचा रोल काढला. मनात म्हटलं, चला, झाकपाक सुरू! चकचकीत कागदात गुंडाळून लोक काय काय खपवतात ते आम्ही उभा जन्म बघितलंय. पण हा पठ्ठ्या करतो काय, चरबी ठिबकते त्या ट्रेला फॉइलचं अस्तर लावलं, निचऱ्याच्या जागी बोटानं भोक मोकळं केलं, पाण्याच्या भांड्यालाही फॉइल लावली, आणि रोल ठेवून दिला बाजूला!

मी म्हटलं, "जाळ्यांना नाही लावत? घासायचा त्रास वाचेल."

"नाही काका, जाळी आख्खी झाकली तर धूर नि ऊब वर जाणार कशी?"

"बरं, मग कॉइलला?"

"कॉइलला तर फॉइल शिवतासुद्धा कामा नये. धोका असतो."

"मग कोंबडीच गुंडाळून टाका की!"

"तिला लिंबू चोळलंय काका. आंबट फॉइलला लागलं की चव बिघडते."

बघा! प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार! इतकं बरोबर माणूस बोलतो का कधी? मी संशय घेत नाही हो... पण कोंबडीचं वजन मी आधीच करून ठेवलं होतं. हो, घरी काटा आहे माझा! दोन तासांनी दार उघडायला लावलं, पुन्हा वजन केलं, तर चारशे ग्रॅम कमी. म्हटलं, "हे चारशे ग्रॅम गेले कुठे?" तर म्हणे, "पाणी उडालं काका." पाणी! दूधवालेसुद्धा सगळं पाण्यावरच ढकलायचे! आत मुलगी ओरडतेय, "बाबा, दार लावा, ऊब जातेय!"

मग मी शेवटचा बाण काढला. "वरचं भोक का उघडं?"

"ते उघडंच ठेवायचं, काका. हवा खेळली पाहिजे. त्याच्यावर फॉइल अजिबात नको." आणि जाता जाता पुन्हा म्हणाला, "तेवढं भोक झाकू नका हं."

दोनदा! अहो, दुकानदार "साहेब, त्या कोपऱ्यात काही नाही" असं दोनदा म्हणाला की माल त्याच कोपऱ्यात! आणि हे सांगून साहेब गेले कुठे, तर आमच्या हिला कांदा चिरून द्यायला! पहिल्याच भेटीत कांदा? संशय नाही हो, पण... असो. मी एकटा. समोर धूर चाललाय. कोंबडी आमची, वीज आमची, आणि वास शेजारच्या हेडमास्तरांना फुकट! मी फॉइलचा एक तुकडा फाडला, चार घड्या घातल्या, आणि बसवला भोकावर. पाचच मिनिटं! फक्त खात्री करून घ्यायला! आणि खुर्चीत टेकलो... ऊन कोवळं होतं हो... लागला डोळा.

"बाबा! धूर!"

उठून बघतो तर दाराच्या फटीफटीतून पिवळाजर्द धूर. तो धावत आला, आधी बटण बंद केलं, प्लग काढला, मग वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी कुंडीकडे बघितलं. त्यानं फडक्यानं तुकडा काढला, चुरगळला आणि खिशात टाकला.

जेवायला बसलो. कोंबडी काळी ठिक्कर. आमच्या हिनं एक घास घेतला आणि डोळेच मिटले. "अगं बाई, किती कडू!" मुलगी म्हणाली, "असं कसं झालं रे? तुझं तर कधीच बिघडत नाही!" आणि तिचा चेहरा... नाही बघवला हो मला. आता हा सांगणार, म्हटलं. आता माझी एकतीस वर्षांची अब्रू ताटात!

तर हा म्हणतो, "चूक माझी. घाईत वरच्या भोकावर माझ्याच हातून फॉइल ठेवली गेली."

पापणी हलली नाही हो! मी सराईतातले सराईत बघितलेत, इतकं सफाईदार खोटं कुणी बोललं नव्हतं! आणि त्यावर आमची ही माझ्याकडे वळून विचारते, "मग? तुमचं काय म्हणणं?"

काय म्हणणार? पकडलं ना खोटं! धडधडीत, रंगेहाथ, पुरावा त्याच्या खिशात! आणि पंचनामा करायला जावं, तर आरोपीच्या जागी सही माझी! पोरगी श्वास रोखून बघतेय... मी म्हटलं, "मुलगा सरळ आहे. माझा होकार." आणि त्या कडूझार कोंबडीची आख्खी तंगडी मागून घेतली हो... आणि संपवली!