समुद्राला दोघीच

"...दोघीच निघाल्यात म्हणं समुद्राला, एसटीनं," एवढंच गिरणीत दळण टाकताना माझ्या कानावर पडलं. दोघी म्हणजे माझी शेजारीण शालन आणि तिची सणसरची मैत्रीण सुमन! वीस वर्षं शेजार माझा, आणि समुद्र सुमनला? माझा नुसता जळफळाट झाला. विरजण मागायच्या निमित्तानं तडक शालनच्या दारात गेले.

"सुमनला समुद्र दावायला चाललीस व्हय गं? मी काय मेले होते?"

शालननं कपाळावर हात मारला. "तिघी चाललोय, बाई! गावात मुद्दाम दोघीच म्हणून सांगितलंय. तुझ्या सासूला कालच इचारलंय, गणपतीपुळ्याला देवाला जातो म्हणून. समुद्राचं नाव काढलं असतं तर म्हातारीनं सोडलं असतं का तुला?"

"मग मला तरी सांगायचंस!"

"सांगणारच होतो, गाडी बारामतीच्या बाहेर पडल्यावर. तुझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"