ओढ्यातलं खिंडार

न्हाय वसंतराव, उद्या म्या येत न्हाय. माझ्याबिगर बांध घाला. तुमचं गाव पल्याडच्या काठाला, आमचं अल्याड, बांध दोघांचा — दिवाळीचा पाडवा झाला, पूर सरला की दोन्ही गावच्या पाट्या ओढ्यात उतरायच्या, आन् मधला धोंडा आमच्या घरानं बसवायचा, आज्यापासनं चालत आलंय, समदं ठाव हाय मला. पर गुडघं ऱ्हायलं न्हाईत माझं. बसा की, उभं कशापायी? पाणी गढूळच हाय, तुमच्याकडं तरी काय येगळं?

तसं निस्तं गुडघ्याचं न्हाय म्हना. हिकडं निजामाचा मुलूख, तिकडं तुमचा, ओढाच सरहद्द झाला — रझाकारांच्या भ्यानं आमी आमचा निम्मा बांध घातला, तुमी तुमचा, आन् मधी खिंडार तसंच. समदं पाणी त्यातनं गेलं, दोन्हीकडच्या हिरी बसल्या. आता निजाम गेला, सरहद्द गेली, तुमी म्हंता महांतप्पा चला — पर बैल बी न्हाय माझ्याकडं.

काय म्हनला? लेकाला, शरणूला पाठवू? त्यो सोलापुरात गिरणीत लागलाय न्हवं. त्याची आई, इरम्मा, सांगती की समद्यांना. म्याच सांगितलंय तिला तसं. म्हंजी — लागलाय त्यो.

असं बघू नका माझ्याकडं.

गुदस्ता हिरी आटल्या तवा शरणूच म्हनला, आप्पा, खिंडार आपुनच बुजवू. तुमच्या गावच्या माणिकप्पानं तिकडनं धोंडा धरला, ह्यानं हिकडनं. दिवसाढवळ्या गोळी आली, शरणूला लागली — कोनत्या काठावरनं ते अजून कळालं न्हाय, आन् आता कळून घ्यायचं बी न्हाय. घरी कसा आणायचा? रझाकारांनी गाव जाळलं असतं. तिथंच जांभळाच्या बुडाला म्या आन् माणिकप्पानं माती दिली. आमा लिंगायतांत विभूती लावून, जंगम बोलवून, बसवून पुरत्यात — खड्डा तेवढा खोल झालाच न्हाय, आडवाच ठेवला लेकराला. खिंडार हाय तवर पाणी तिथवर चढत न्हाय. पर बांध झाला, पाणी तुंबलं, की तिथं कमरेइतकं हुभं ऱ्हातंय. म्या बसवू व्हय त्यो धोंडा?

निजाम गेल्यावर इरम्माला सांगू म्हनलं, तर तीच म्हनली, आता येईल माझा शरणू. मंग माझं तोंडच उघडंना.

न्हाय, न्हाय, बांध थांबवू नका. दोन गावं तहानली, माझ्या एकट्यापायी कसं थांबायचं? इरम्माच कोसभर चालती रोज घागरीसाठी. उद्या माझ्या वाटणीची पाटी घिऊन तीच येणार हाय. आन् बांधाची माती दरसाल त्या जांभळाखालनंच खंदत्यात, चिकट हाय तिथली. तिला तिथं कुदळ मारू दिऊ नका, वसंतराव. साप हाय म्हना, काय बी म्हना.

जावा आता. ती येतीया.