कोपराखालची वाट

विभा : "वो काटा!"... गच्चीवरच्या त्या पोरीचं ओरडणं अजून कानात आहे हो माझ्या. मांजानं हात कापला, आपली स्कूटर आडवी झाली, आणि ती वर आनंदानं नाचत होती.

नंदकिशोर : नको ना ते आता. वर्ष होत आलं. हात सैल सोड बघू.

(आदर्श नगरातलं घर, संध्याकाळचा चहा नुकताच झालेला. विभाचा डावा हात उशीवर आहे, करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं. नंदकिशोर कोपरापासून खाली बोटानं टिचक्या मारत येतो.)

नंदकिशोर : इथं झिणझिण्या?

विभा : नाही.

नंदकिशोर : इथं? सांग की!

विभा : अं... आहेत.

नंदकिशोर : अगं, मनगट आलं! थांब, ठिपका देतो. कशी ओळ उतरलीय बघ.

विभा : तुमचं ते बॉलपेन पुसलं जात नाही. भाजीवाली विचारते, भाभीजी, ये गोदना कहाँ से करवाया?

नंदकिशोर : सांगायचं, साहेबांनी काढलंय, फुकटात. अगं, तुटली म्हटल्यावर नस काय गप्प बसते? डॉक्टर म्हणाले, वर मानेतल्या पेशीला खबर जाते. ती बाकीची कामं टाकून नवा धागा काढायला बसते. इकडे खाली मदतनीस पेशी तुटलेल्या धाग्याचा केरकचरा काढतात आणि ओळीनं उभ्या राहून वाट धरतात. ये बाई, अशी ये, सांभाळून ये. टिचकीला जिथं झिणझिण्या, तिथवर धागा पोचला.

विभा : "ये बाई" डॉक्टर म्हणाले?

नंदकिशोर : ते माझं. अर्थ तोच.

विभा : आणि कुणी आलंच नाही, तर किती उभं राहायचं त्यांनी?

नंदकिशोर : थकतात म्हणे. एकेक कमी होते, वाट बुजते, हाताचं मांस वाळतं. मग जोडूनही उपयोग नाही. पण आपल्याला काय त्याचं? पावसाळ्यात ते पुन्हा उघडून जोडू म्हणत होते, बरं झालं आपण नको म्हटलं. उद्या विजेच्या तपासणीत दिसेलच त्यांना.

विभा : त्यात सुई घालतात ना? ती काही मला विचारणार नाही.

नंदकिशोर : म्हणजे?

विभा : अपघातानंतर तुम्ही जेवत नव्हता. ताटावर बसायचात आणि गळा चाचपायचात. माझ्या गळ्यावर आलेला मांजा तू हातावर घेतलास, एवढंच एक बोलायचात.

नंदकिशोर : खरंच आहे ते.

विभा : मग एकदा टिचकी मारलीत, मी हो म्हटलं. त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्यात. झोपलात. मग मी रोज थोडं थोडं खाली सरकत गेले.

नंदकिशोर : विभा... हा मनगटाचा?

विभा : मनानं सांगितला.

नंदकिशोर : त्याच्या वरचा? आणि हा, अगदी पहिला? आपण ऑपरेशन नको म्हणालो तेव्हाचा?

विभा : कोपराखाली काही नाही हो. कधीच नव्हतं.