तीन घणांची इंग्रजी

मंडळी, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. ज्याला स्वतःला पोहता येत नाही, तो दुसऱ्याला पोहायला शिकवू शकेल का? — नाही म्हणता? खांबाजवळचे आप्पा तर एवढी मान हलवतायत, की फेटा सुटायचा! घाई नको. आधी गजराबाईची गोष्ट ऐका, मग उत्तर द्या. गोष्ट खरी आहे. माझ्या तोंडून येताना थोडी फुगेल — पण तव्यावर भाकरी फुगली म्हणून ती खोटी होते का?

खडकेवाडीच्या वेशीपाशी रंगबा लोहाराचा भाता. रंगबा सत्तरीचा. अंगठाबहाद्दर! मुलगा ट्रकवर ड्रायव्हर, घरी महिन्यातून एकदा टेकणार. मग घण मारायचा कोणी? सुनेनं — गजरानं. सकाळी ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस, पोरांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची. दुपारी पदर खोचून सासऱ्यासमोर घणाला उभी.

या कामाची रीत ऐका हं, पुढं लागणार आहे. तापलेल्या लोखंडावर लोहार छोटी हातोडी टेकवतो — म्हणजे इथं मार. समोरच्याचा घण बरोबर तिथंच पडतो. तोंडानं बोलायचं नाही. आणि काम झालं, की हातोडी ऐरणीच्या कडेवर हलकेच वाजवायची — टिंग! म्हणजे पुरे, घण खाली ठेव, दम घे.

आता गजराची अडचण. अंगणवाडीच्या सेविकाबाई निवृत्त होणार होत्या. नऊ वर्षं मदतनीस असलेल्या गजराचाच त्या जागेवर हक्क, पण कागदाला दहावी पास पाहिजे! बाहेरून परीक्षेला बसून बाईनं सगळे विषय सोडवले. इंग्रजी मात्र दोनदा उडालं. मार्चची परीक्षा शेवटची. ती हुकली, की तालुक्याहून दुसरी बाई येणार आणि गजरानं पुढं जन्मभर तिच्या हाताखाली नाकं पुसायची.

आणि अडलं होतं कुठं? क्रियापदांत! इंग्रजीची काही क्रियापदं गरीब. मागं ‘ड’चं शेपूट लावलं, की निमूट भूतकाळात जातात. पण काही अशी उनाड, की काल एक तोंड, आज दुसरं, परवा तिसरं. गो, वेंट, गॉन! हसू नका. तुम्ही तरी ‘जातो’चं ‘गेला’ कसं केलंत? ‘जातला’ का म्हणत नाही? आईच्या भाषेचा वाकडेपणा दिसत नाही मंडळी, शेजारणीचाच दिसतो!

तर गजरानं अशा ऐंशी क्रियापदांचा तक्ता भात्यामागच्या भिंतीला चिकटवला आणि घण मारता मारता ओठांत पुटपुटायला लागली. लक्ष तक्त्यावर, घण सांडशीवर! रंगबाच्या हातातली सांडशी उडाली ती थेट कोंबड्यांत. म्हातारा तापला. म्हणाला, हात मोडशील माझा. पुटपुटायचंच असंल तर मोठ्यानं पुटपूट, एका घणाला एक शबुद. हातोडी मी देतो.

झालं! दुसऱ्या दिवसापासून भात्यावर शाळा भरली. गो — ठण! वेंट — ठण! गॉन — ठण! मग म्हाताऱ्याची टिंग, आणि पुढचं क्रियापद. शेजारच्या कुशाबाची म्हैस तर अशी सरावली, की ‘गिव्ह’ म्हटलं की पान्हवायची आणि ‘गिव्हन’ला धार संपायची! ही माझी फुगलेली भाकरी. पण पुढचं फुगलेलं नाही.

एक दिवस गजरा जोरात म्हणाली, “ब्रिंग, ब्रँग, ब्रंग.” तिसरा घण पडला, पण टिंग काही वाजेना. हातोडी हवेतच.

“काय झालं, मामा?”

“खोटं वाजलं.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“कळत कायबी न्हाई. पर परवा न्यारं वाजलं व्हतं. दुसरा आन् तिसरा एकाच आवाजाचा व्हता. बघ तुझ्या कागदात.”

गजरानं तक्ता पाहिला. ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट! मंडळी, ज्या माणसाला सही येत नाही, त्यानं ऐंशी क्रियापदं कानात साठवली होती. विळ्याचं पातं चिरलं असेल तर आवाजावरून कळतं ना? तसंच. त्या दिवसापासून गजरा चुकली, की हातोडी थांबायची.

पण या विद्येत एक खोट राहिली, आणि ती दोघांनाही कळली नाही. कळली परीक्षेच्या दिवशी.

तालुक्याच्या शाळेत केंद्र. म्हातारा सुनेबरोबर एसटीनं गेला आणि पिशवीतून हातोडीही नेली. भाता थंड असताना हातोडी घरी एकटी ठेवायची नाही, असा त्यांच्या घरचा नेम. तो कुंपणाबाहेर लिंबाखाली बसला, गजरा आत गेली. पेपर हातात आला. चौथ्या प्रश्नात क्रियापदांचा रकाना, तिला येत होती तीच! पहिलं लिहायला गेली — आणि डोकं कोरं. वर्गात सुई पडली तर ऐकू येईल एवढी शांतता. तिची विद्या शांततेत शिकलेलीच नव्हती! बाकाखाली टाच आपटून पाहिली, तर पर्यवेक्षक म्हणाले, बाई, बाक सरकारी आहे. दहा मिनिटं गेली. वीस गेली. तिच्या डोळ्यांसमोर पुढची वीस वर्षं आणि शेंबडी नाकं.

इतक्यात कुंपणापलीकडून आलं — ठण! ठण! ठण! आणि मग टिंग.

मैलाच्या दगडावर म्हातारा हातोडी वाजवत होता. गजराचा हात आपोआप चालू झाला. एक रकाना. दुसरा. तिसरा. आणि नेमकी त्याच वेळी कॉपी पकडणाऱ्या भरारी पथकाची जीप दारात! कुंपणावरून चिठ्ठ्या फेकणारे मामे-मेव्हणे उसात पसार. राहिला एकटा रंगबा.

साहेबांनी पिशवी उलटी केली. भाकरी आणि ठेचा. साहेब गरजले, कुणाला खुणा करतोस?

“सुनंला, सायेब.”

“काय सांगतोस तिला?”

“मला काय येतंय सांगाया? ती घण उचलून हुबी आसंल. हातोडी पडल्याबिगर तिचा घण पडत न्हाई. तेवढंच.”

आता बोला, ही कॉपी झाली का? साहेबांनाही ठरवता येईना. शेवटी म्हणाले, बाबा, बाकीच्या पोरांना त्रास होतो, बंद कर. रंगबानं मान डोलवली. म्हणाला, करतो. पर येक डाव वाजवू द्या. नुसतं थांबलो, तर पोर घण वर धरूनच ऱ्हाईल. हात भरून येतात, सायेब.

साहेबांनी हातानंच खूण केली — वाजव. म्हाताऱ्यानं हातोडी दगडाच्या कडेवर टेकवली — टिंग. एवढी हलकी, की लिंबावरची चिमणीसुद्धा उडाली नाही.

आत गजरानं ती ऐकली. पेन खाली ठेवलं. पदरानं कपाळ पुसलं, एक दम घेतला आणि पेन पुन्हा उचललं. बाहेर आता काहीच वाजत नव्हतं. पण ठोके चुकत नव्हते, मंडळी! ते आता तिच्याच छातीत पडत होते. उरलेले सगळे रकाने तिनं एकटीनं भरले.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत एकेचाळीस. विद्वानांनी हसू नये, पस्तीसला पास आहे! गजरा गुणपत्रिका घेऊन धावत भात्यावर आली. म्हातारा म्हणाला, यातलं आपलं कुठलं? तिनं एकेचाळीसवर बोट ठेवलं. त्यानं धोतराला हात पुसला, तरी कोळशाचा काळा अंगठा त्या आकड्याशेजारी उमटलाच. म्हातारा ओशाळला. म्हणाला, खराब केलं की गं मी.

पुढं नेमणुकीच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, बाई, हा डाग कसला?

गजरा म्हणाली, “डाग नाही साहेब. तो शिक्का आहे.”

आता द्या उत्तर. न पोहणारा पोहायला शिकवतो का? आप्पा, आता मान का हलत नाही? अहो, तुमच्या मुलीनं कायद्याचा अभ्यास केला, तेव्हा पहाटे चहा कोणी केला? काकूंना कायद्यातलं काय येतं? तुम्ही-आम्ही जे दोन शहाणे शब्द बोलतो, त्यामागं अशी एक हातोडी वाजलेली आहे. कोणाची, ते ज्याचं त्यानं आठवायचं. आणि ती बंद झाली असेल, तरी छातीवर हात ठेवून बघा, ठोका चालूच आहे.

चला, टाळ्या वाजवा. स्वतःला न येणारं शिकवणाऱ्या त्या गुरूच्या नावानं तीनच. एक... दोन... तीन.

आणि आता चौथी — हलकीच. माझंही पुरे झालं.