रोज नवीन टेबल

सहलीच्या जहाजावरच्या जेवणघराबाहेर रांग होती. आठवडाभर एकच टेबल आणि तीच माणसं हवीत, की रोज मिळेल तिथे बसायचं, एवढंच सांगायचं होतं. रांगेतल्या एका शिंपीणबाईंच्या पुढे एक नवरा-बायको हळू आवाजात भांडत होते. बाईंना नको म्हटलं तरी सगळं ऐकू येत होतं.

"एकच टेबल घेऊ या ना."

"रोज तीच तोंडं? घरी तुझं बघतोच की."

"थट्टा पुरे. नवीन माणसं आली की रोज नव्याने विचारणार, मुलं किती म्हणून."

"विचारू देत."

"मला एकदाच सांगायचंय हो. पहिल्या दिवशी सांगून टाकू, धाकटा गेला. मग पुन्हा कुणी विचारणार नाही."

"आणि आठवडाभर बिचारे बिचारे म्हणत आपल्याकडे बघत बसतील."

"मग तुम्ही काय सांगणार?"

"दोन."

"अहो..."

"दोन. थोरली नोकरीला, धाकटा शिकतोय. दुसऱ्या दिवशी ती माणसं समोर नसतात. कुणाला कळतंय?"

"आणि मी शेजारी बसून काय करू?"

"तू जेव."

"चला, पुढे या," नोंद करणारी मुलगी म्हणाली. "काय लिहू?"



"रोज नवीन लिहा," बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "धाकटा कितव्या वर्षाला आहे, ते आत्ताच ठरवा. टेबलावर दोघांची दोन उत्तरं नकोत."