टाकीवरचं गिधाड

विषय — अर्जदाराच्या वाडी येथील राहत्या घराच्या पाण्याच्या टाकीवर मुक्कामास असलेले गिधाड हलविण्याबाबत. बरोबर वाचलं ना मी, मॅडम? वाचीनच. माझंच अक्षर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज फायलीत लावले, एक स्वतःचा केला, तर तुम्ही जाळं आन् पिंजरा घेऊन दारात उभ्या. अर्ज दिला की कारवाई होते, हे मले माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसात तशी पद्धत नव्हती.

थांबा, जिन्याकडे जाऊ नका. आधी मागून दिलेला दुसरा अर्ज पाहा — पहिला अर्ज मागे घेण्याबाबत. तो मिळाला नाही म्हणता? मिळाला असंल. कोणाच्या तरी टेबलावर, चहाच्या कपाखाली असंल. गळ्यातल्या कार्डावर गिधाड संवर्धन केंद्र आन् खाली चिन्मयी लिहिलं आहे, तर चिन्मयी मॅडम, मले तुमचं काम समजत नाही असं समजू नका, मी वाचतो. गुराले दिलेल्या दुखण्यावरच्या औषधानं, ते मेलेलं ढोर खाऊन, गिधाडं मेली, मग उरलेली तुम्ही जाळीच्या खोलीत ठेवली, त्यांच्या जोड्या जमवल्या — वर्षाले एक अंडं, तेही काढून यंत्रात उबवायचं, म्हणजे मादी फसते आन् दुसरं देते. एका पिल्लामागं इतके साहेब — आमच्या लेकरांच्या शाळेत इतके मास्तर नव्हते. मग पंखाले पट्टी लावली, पाठीवर ठावठिकाणा सांगणारं यंत्र बांधलं आन् जंगलात सोडून म्हणाले, जा, आता तू स्वतंत्र. आन् ते आलं कुठं? अमरावती रोडवर, ट्रकांच्या गोदामाजवळ, माझ्या टाकीवर. काहून? अहो, जन्मभर ठरल्या दिवशी बकरा समोर येऊन पडला, त्याले शोधायचं कसं माहीत असंल? मीच निवृत्त झाल्यावर कितीतरी दिवस डबा घेऊन सीताबर्डीच्या बसले उभा राहत होतो — ते जाऊ द्या, त्याचा इथं संबंध नाही.

खाऊ मी घालतो? कोण म्हणालं? शेजारच्या शोभाताई ना? त्यांले दुसरा उद्योग नाही. मी काही घालत नाही. — ती परात? ती वाळवणाची आहे. — डाग? बरं, घालतो. पण चांगलं घालतो. बकऱ्याले सुई-औषध दिलं होतं का, हे खाटकाले विचारून घेतो. तो म्हणते, काका, इतकी चौकशी तर लोकं पोरीच्या सोयरिकीत करत नाहीत. आन् हे गिधाड खाते, गप बसते. मी काही बोललो तर मान वाकडी करून ऐकते. उठून जात नाही.

मग अर्ज काहून दिला, म्हणता? गल्लीनं धरलं म्हणून. माझी बायको, सरिता, खाप्याले गेली आहे, आमच्या नंदिनीकडे, पोरीकडे. गल्लीले माहीत आहे — घरावर गिधाड बसलं, अपशकुन झाला, बाई भिऊन गेली. शोभाताईनं शांतीचं सामान सांगितलं. मी म्हटलं, शांती नको, अर्ज देतो — पडून राहील वर्षानुवर्षं. — सरिता अपशकुन मानते का? छे. तिच्या आज्यानं छप्पन्न सालीच सारे शकुन-अपशकुन दीक्षाभूमीवर सोडून दिले. मांजर आडवं गेलं तर ही त्याले दूध देते. गिधाडाले तर ती — ती होती कुठं तेव्हा? म्हणजे, होती. ती जायच्या सुमाराले ते आलं. थोडं आधी. थोडं मागून असंल. तुम्ही तारखा काहून विचारून राहिल्या?

सरिता म्हणते, तुम्ही घरी बसल्यापासून घराचं ऑफिस झालं. भाजीवर शेरा, झाडण्यावर शेरा, फोनवर पोरीशी बोलली तर किती वेळ बोलली त्यावर शेरा. आता सांगा, माझ्या टिपणीवर साहेबानं आयुष्यभर शेरे मारले, मी कधी घर सोडून गेलो? — हसू नका.

काय म्हणता, त्याची जोडीदारीण तिकडे जंगलात आहे? बाकीचे मेलेलं ढोर शोधून खाऊन राहिले आन् हेच मागं राहिलं, इथं एक दिवस विजेच्या तारेले चिकटून मरेल? गिधाडाची जोडी जन्मभराची असते म्हणता? असंल. आमचीही आहे, रेशनकार्डावर.

बरं, समजा तुम्ही नेलं. टाकी रिकामी झाली. सकाळी शोभाताईनं गच्चीवरून पाहिलं, साऱ्या गल्लीनं पाहिलं. आन् सरिता नाही आली तर? मग मी काय सांगू? गिधाड तर गेलं, आता बाई काहून येत नाही, असं विचारलं कोणी — काय सांगू मी?

असं पाहू नका मॅडम माझ्याकडे. चहा मी विचारणार नाही. पिंजरा उचला, गाडी गोदामाच्या रस्त्यावरून काढा, आन् जाताना फाटक लावून घ्या. जिन्याले कुलूप आहे, किल्ली मी देत नाही. पहिला अर्ज मागे घेण्याबाबतचा अर्जदाराचा दुसरा अर्ज आपल्या कार्यालयास सादर आहे. त्यावर अद्याप निर्णय नाही. अर्ज प्रलंबित आहे.