काका खेळत नसतात

मी कोल्हापूरचा. तुम्ही पुण्याच्या, ताई, तुम्हाला कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा आठवतो, पण आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की आधी बॉलकडं बघतंय आणि मग आईकडं. पेठेपेठेची टीम, तालमी-तालमींची खुन्नस, मॅच असली की निम्मी दुकानं बंद, आणि हरलं की चार दिवस त्या गल्लीतनं जायचं न्हाई. लोकांना वाटतं इंडियन म्हंजे क्रिकेट. इथं कॅनडात बी सगळे तेच म्हणायचे, यू आर इंडियन, यू प्ले क्रिकेट. मी म्हणायचो न्हाई बाबा, मी गोलकीपर.

गोलकीपर म्हंजे राखीव गोलकीपर. खरं सांगायला लाज कसली. आमच्या तालमीचा मोठा गोलकीपर असा खमक्या होता की आजारी पडायचा न्हाई, कुणाच्या लग्नाला जायचा न्हाई, पाय मुरगळला तरी पट्टी बांधून उभा. आणि मी बाकावर. दिवसा शिरोलीला फाउंड्रीत काम, संध्याकाळी प्रॅक्टिस, मॅचच्या दिवशी बाक. तिशी उलटली बाकावर बसून. शेवटी त्यानं खेळ सोडला, वस्ताद म्हणाले, दिल्या, हा हंगाम तुझा, आणि त्याच दिवाळीत सुनंदाचं कॅनडाचं पीआर आलं, म्हंजे कायम राहायची परवानगी. सुनंदा म्हंजे आमची बायको, सांगलीची, कॉम्प्युटरवाली, हुशार. नोकरी तिची, व्हिसा तिचा, मी आपला तिच्या पदराला धरून आलो. संक्रांतीला निघालो, ग्लोव्हज तेवढे बॅगेत घातले. ती म्हणाली, तीळगुळाचा डबा राहिला आणि हे काय भरलंय? मी म्हटलं, असू दे.

आलो मिसिसागाला. एअरपोर्टच्या जवळ वेअरहाऊस होतं, तिथं मला काम लागलं, खोकी उचलायचं. डोक्यावरनं सारखी विमानं. तिथं फोर्कलिफ्टवर हेमन होता. हा कुर्दिश, इराकातला, सुलेमानियाचा. बायकापोरं घेऊन रेफ्युजी म्हणून आलेला, वयानं माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, पण टक्कल पडलेलं. ब्रेकला तो मला च्या द्यायचा, बारक्या काचेच्या पेल्यात, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. एकदा म्हणाला, आमचा क्लब हाय फुटबॉलचा, चिया. मी म्हटलं बरोबर हाय, दिवसभर च्याच पितासा तर नाव तरी दुसरं काय ठेवणार. तो हसून हसून फोर्कलिफ्टवरनं पडायला आला. त्यांच्यात चिया म्हंजे डोंगर.

बघा, तिथंच मला अक्कल यायला पाहिजे होती, की ह्यांचे शब्द आपल्यासारखे ऐकू येतात पण आपले नसतात. आली न्हाई.

रविवारी मला ग्राउंडवर बोलावलं. मी ग्लोव्हज घेऊन गेलो. काय सांगू तुम्हाला, लग्नाला जाताना एवढी छाती धडधडली न्हवती. वीसेक माणसं, कुणी पिझ्झाच्या दुकानातला, कुणी टॅक्सीवाला, कुणी भिंतींचे ड्रायवॉल बोर्ड लावणारा, कुणाच्या अंगावर लाल जर्सी तर कुणाच्या पांढरी बनियन. गोलमध्ये शेर्को म्हणून एक काटकुळा उभा, विशीतला. त्याला बॉल कुठनं येतोय तेच कळत न्हवतं, एक हात वर तर एक हात खिशात. मी मनात म्हटलं, दिलीपराव, देवानं तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय. आणि मी पुढं झालो तर ती सगळी जण हात हलवून वरडायला लागली, काका! काका, वरा, वरा! काका!

आता तुम्हीच सांगा. आमच्या स्टेडियमवर एखाद्या खेळाडूला पब्लिकनं काका म्हटलं की संपला तो. काका, घरी जावा, काकी वाट बघतीय. त्याच्या पुढचा अपमान न्हाई. मी एवढा ग्लोव्हज घालून उभा, अजून चाळिशीबी लागली न्हवती, आणि हे परक्या देशातले परके लोक मला तोंडावर काका म्हणतात. माझं डोकं सटकलं. आमचं रक्तच तसलं. ग्लोव्हज काढले, पिशवीत घातले आणि त्यांना सरळ इंग्लिशमध्ये म्हटलं, ओके, आय ॲम काका. काका नॉट प्लेइंग. काका खेळत नसतात! मला वाटलं खजील होतील. तर सगळ्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. मी म्हटलं, वा, वरनं नाटकं बी करतात.

निघून यायचं होतं, पण हेमनच्या गाडीतनं गेलतो आणि बस तासानं होती. मग बसून काय करायचं, लाइनमनचा झेंडा हातात घेतला. तो झेंडा धरला तो धरला.

पहिल्या दोन हंगामात काय हरलो, विचारू नका. सगळ्यात खालचं डिव्हिजन, त्यात बी सगळ्यात खाली. पोर्तुगीज लोकांची टीम यायची त्यांच्या देशाचा झेंडा घेऊन, क्रोएशियावाल्यांची यायची, सोमालियावाल्यांची यायची, आणि आमच्या पोरांना विचारायचे, तुमचा देश कुठला? कुर्दांना आपला असा देशच न्हाई, तिघाचौघांच्या देशांत वाटलेले, मग ह्यांच्यातच भांडण. इराकातला एक सांगायचा, इराणातला दुसरं, तुर्कीतल्याची तर भाषाच निराळी, निम्मं त्यांचं ह्यांना कळत न्हाई. मॅच सोडून एकमेकांच्या अंगावर. हेमन कपाळाला हात लावून बसायचा, म्हणायचा, काका, यू टेल देम. मी म्हटलं मी कोण सांगणार? पण मला पेठांची भांडणं ठाऊक. आमच्याकडं हेच, गल्ली बदलली की देश बदलला. मग मी एक कायदा केला, एका गावचे दोघं एका गाडीत बसायचे न्हाईत. मॅचला जाताना इराणवाल्याच्या गाडीत तुर्कीवाला, त्याच्या शेजारी सुलेमानियावाला. किचनर गावाला मॅच असली म्हंजे तास-सव्वातास एका डब्यात. बोलून बोलून काय करतील, भांडतील, पण उतरेपर्यंत भांडून तरी झालेलं असेल न्हवं? लई कुरकुरले. पण मी सांगितलं की ऐकायचे. मला नवल वाटायचं, काका म्हणून चिडवतात आणि काका म्हणेल ते ऐकतात, असली कसली ही माणसं.

आणि शेर्कोला मी धरला. शिफ्ट संपवून, पाठीचा काटा ढिला झालेला असताना, त्याच्यापुढं बॉल मारत बसायचो. कोन कसा कापायचा, फॉरवर्ड पुढं आला की कुठं थांबायचं, खाली पडताना खांदा कसा टाकायचा. माझ्या वस्तादांनी मला जे दिलं आणि मी बाकावर बसून सडवलं, ते सगळं त्याला दिलं. खोटं कशाला बोलू, देताना वाटायचं, हे माझं होतं. बॉल चांगला अडवला की शेर्को उलट मलाच दस्त खोश म्हणायचा. म्हंजे त्यांच्यात कुणी हातानं काही केलं, स्वयंपाक केला, जर्सी धुतल्या, की म्हणतात, दस्त खोश, हाताला सुख लागो. जर्सी माझ्याच घरी धुवायच्या, बेसमेंटमध्ये. सुनंदा वैतागायची, म्हणायची, एवढा चिखल वाशिंग मशीनला घालतोस, खेळतोस तरी का? आमची लेक, इथल्या शाळेत जाणारी, म्हणायची, डॅड, व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क देम टू लेट यू प्ले? मी म्हणायचो, तू गप अभ्यास कर.

मग चढलो की ताई. एकदा चढायला लागलो तर थांबलोच न्हाई. खालनं वरच्या डिव्हिजनला, तिथनं आणि वर. पहिल्यांदा मॅच बघायला हेमनची बायको एकटी यायची, डब्यात डोलमा, म्हंजे पानात गुंडाळलेला भात, घेऊन, पुढं पुढं नुसत्या गाड्याच गाड्या, ढोल, सनईसारखं झुर्ना, बायका झगमगीत झगे घालून लाइनीच्या कडंनं हातात हात धरून नाचायच्या, रेफ्री सांगायचा मागं सरका. कुठनं कुठनं पोरं खेळायला यायला लागली. जे देश विचारायचे तेच आता आमच्याबरोबर फ्रेंडली मॅच मागायचे. आणि मी झेंडा घेऊन. गुडघे गेले माझे तोपर्यंत, एक गुडघा वेअरहाऊसनं खाल्ला, दुसरा थंडीनं. हेमनला बी कधीमधी लोक काक हेमन, काक हेमन म्हणायचे, मला वाटायचं टकलावरनं त्याला बी चिडवतात.

मग एका वर्षीचं नवरोज. त्यांचा पाडवाच तो, मार्चमध्ये. हॉल घेतलेला, आम्ही दोघं नवराबायको गेलो. हेमनचा भाऊ आलता सुलेमानियाहून, सात-आठ वर्षांनी भेटलेले दोघं. हेमन त्याच्या गळ्यात पडून रडत होता आणि नुसतं काका, काका, काका. मी सुनंदाला म्हटलं, ह्याचा काका बघ किती तरणा दिसतोय. मग हेमननं ओळख करून दिली, माय ब्रदर. मी म्हटलं, ब्रदर? तू तर अंकल म्हणत होतास. तो म्हणाला, नो नो, काका इज बिग ब्रदर. थोरला भाऊ. मानाचा.

ताई, माझ्या हातात पेला होता तो तसाच राहिला. मी म्हटलं, मग मला? तो म्हणाला, यू आल्सो. पहिल्या दिवशी तू आलास, आम्ही म्हटलं काका, वरा, म्हंजे ये दादा, ये. तू म्हणालास, मी दादा, दादा खेळत नसतो. आम्हाला वाटलं तुमच्या इंडियात थोरला भाऊ धाकट्यांच्यात खेळत नसेल, तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. आम्ही मान ठेवला. परत विचारायचं म्हंजे तुझा अपमान.

घरी येताना गाडीत सुनंदा म्हणाली, एवढ्या वर्षांत एकदा अर्थ विचारला असतास तर? अगं बाई, काकाचा अर्थ कोण विचारतं? काका म्हंजे काका! रडू आलं मला, आणि हसू बी आलं, विंटर टायरचा आवाज आणि मी येड्यासारखा रडतोय.

त्याच हंगामात आम्ही सगळ्यात वरचं डिव्हिजन जिंकलो. शेवटची मॅच राहिली होती, तिच्यात काही अडलेलं न्हवतं, कप आमचाच. हाफटाइमला चार गोलनी पुढं. हेमननं खेळाडूंच्या यादीत माझं नाव आधीच घातलेलं. शेर्कोनं स्वतःचे ग्लोव्हज काढून माझ्यापुढं धरले. मी म्हटलं थांब, गाडीतनं माझे आणतो. कोल्हापूरचे. रबर चिकटून बसलं होतं, बोटं घालताना फाटलं.

उभा राहिलो गोलमध्ये. दोन्ही गुडघ्यांना पट्टी. आणि बॉल यायलाच तयार न्हाई! आमची पोरं एवढी भारी झालेली की समोरची टीम निम्म्यातनं पुढं येईना. मी तिकडनं वरडतोय, अरे येऊ द्या की रे एक तरी, मराठीत वरडतोय. पोरं हसतात. वेळ संपत आला. तेव्हा हेमन, तो बी त्या दिवशी शेवटचाच खेळत होता डिफेन्समध्ये, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बॉल हळूच मला मागं दिला. मानानं दिला. आणि मी वाकून हातात उचलला.

आपल्याच माणसानं पायानं दिलेला बॉल गोलकीपरनं हातात घ्यायचा नसतो. आम्ही शिकलो तेव्हा चालायचं, नंतर नियम बदलला, मीच शेर्कोला पढवलेला. पण हातांना कोण सांगणार? शिट्टी झाली. समोरच्यांना फ्री किक, अगदी गोलच्या पुढ्यात. असल्या किकचा नियम असा की बॉल कुणाला तरी लागून आत गेला तरच गोल. थेट आत गेला तर गोल न्हाई. म्हंजे मी नुसतं बाजूला व्हायचं. शेर्को कडेवरनं वरडतोय, काका, लीव्ह इट, डोन्ट टच! त्यांच्या त्या धिप्पाड गड्यानं रागानं सरळच हाणला. ऐकू येत होतं मला सगळं. पण ताई, उभ्या जन्मात एक बॉल माझ्याकडं येतोय, आणि मी बाजूला होऊ?

टाकलं अंग. उजव्या हाताच्या करंगळीला लागला आणि आत गेला. मी हात लावला म्हणूनच गोल. मोडली करंगळी.

सगळी पोरं धावत आली, मला उचललं, जसा काय मीच गोल केला. हेमननं माझा हात हातात घेतला, करंगळी वांग्यासारखी टम्म सुजलेली, आणि म्हणाला, दस्त खोश, काका. इमर्जन्सीत बसलो होतो तेव्हा सुनंदानं विचारलं, नियम ठाऊक होता न्हवं? म्हटलं, होता. ती म्हणाली, मग? मी म्हटलं, मग काय.

आता क्लब मोठा झालाय. लायसनवाला कोच हाय, बारक्या पोरींची बी टीम हाय. हेमन आजोबा होईल ह्या वर्षी. शेर्को लहान मुलांना गोलकीपिंग शिकवतो, म्हणतो असली किक आली की हात लावायचा न्हाई, काका सोडून कुणीच लावायचा न्हाई. जर्सी अजून माझ्याकडंच धुवायला येतात, मी बी न्हाई म्हणत न्हाई. थकलोय ताई, जिना उतरताना देव आठवतो. पण पोरं चांगली हायत, सुखात राहू देत, त्यांच्या हाताला सुख लागू दे.

माझी करंगळी वाकडीच बसली, ही बघा. स्नो शोव्हल करताना लई ठणकते. सुनंदा म्हणते दाखव डॉक्टरला. मी म्हणतो राहू दे, दुखतीय तोवर खात्री हाय की बॉल लागला होता.